‘अ‍ॅट्रॉसिटी’ : एका शब्दाचे अर्थांतर आणि एका कायद्याचा वाद

बुलढाणा जिल्ह्यातील बाजारगावांत, तहसील कचेरीच्या आवारात किंवा एस. टी.च्या थांब्यावर एक वाक्य आज सहज कानावर पडते : ‘त्याने माझ्यावर अ‍ॅट्रॉसिटी केली.’ मराठी उत्तम जाणणाऱ्या, परंतु महाराष्ट्राच्या गेल्या तीनचार दशकांच्या सार्वजनिक जीवनाशी परिचय नसलेल्या माणसाने हे वाक्य ऐकले, तर बोलणाऱ्यावर काही क्रूर अत्याचार झाला आहे, असाच अर्थ तो घेईल. वस्तुस्थिती अशी की, बोलणाऱ्याच्या विरुद्ध अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या एखाद्या व्यक्तीने अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद नोंदविली आहे, एवढेच त्यास सांगावयाचे असते. हा प्रयोग केवळ बुलढाण्याचा नव्हे. वऱ्हाडात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात तो सर्वत्र रूढ झाला आहे. ह्या कायद्यासंबंधी महाराष्ट्रात जो राजकीय वाद झाला व अद्याप अधूनमधून होतो, त्याचे स्वरूप समजून घेण्यास ह्या एका वाक्याचा विचार फार उपयोगी पडतो.

प्रथम व्याकरण पाहावे. मराठीत ‘-वर’ ह्या शब्दयोगी अव्ययासह ‘करणे’ हे क्रियापद आले, की ‘-वर’ ज्यास लागते तो क्रियेचे फळ भोगणारा असतो : अन्याय करणे, हल्ला करणे, जुलूम करणे, उपकार करणे. ‘त्याने माझ्यावर अन्याय केला’ ह्यात ‘तो’ अन्यायी आणि ‘मी’ पीडित. ‘अ‍ॅट्रॉसिटी केली’ हे वाक्य नेमके ह्याच साच्यात बसले आहे. परिणामी कायद्याने ज्यास पीडित मानले तो फिर्यादी वाक्यात कर्त्याच्या जागी आला, आणि ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो भोगणाऱ्याच्या जागी गेला. गुन्ह्याचे नाव गुन्ह्याच्या तक्रारीस मिळाले. दुसऱ्या कोणत्याही गुन्ह्याच्या बाबतीत मराठीने असे केलेले दिसत नाही. ‘त्याने माझ्यावर दरोडा घातला’ ह्याचा अर्थ ‘दरोड्याची फिर्याद केली’ असा कधीही होत नाही. ‘विनयभंगाची केस केली’ असे म्हणतात, परंतु फिर्याद करणाऱ्या स्त्रीने ‘विनयभंग केला’ असे कोणी म्हणत नाही.

हे अर्थांतर कसे घडले असावे, हे सांगणे कठीण नाही. कायद्याचे अधिकृत नाव ‘अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९’ असे लांबलचक. ते बोलण्यात टिकणे शक्य नव्हते. इंग्रजी नावातील एक पद उचलून ‘अ‍ॅट्रॉसिटी कायदा’ असा सुटसुटीत समास तयार झाला. पुढे ‘कायदा’ हे उत्तरपदही गळाले आणि ‘अ‍ॅट्रॉसिटी’ एवढेच उरले. ‘चारशेवीस लावली’, ‘मोक्का लावला’ ह्या प्रयोगांतही कलमाचे किंवा कायद्याचे नाव असेच स्वतंत्र झाले आहे. फरक असा की, ‘मोक्का’ ह्या आद्याक्षरांच्या शब्दास पूर्वीचा काही अर्थ नव्हता, ‘चारशेवीस’ हा तर आकडाच. ‘अ‍ॅट्रॉसिटी’ला मात्र अर्थ होता. परभाषेतील शब्द असल्यामुळे तो अर्थ बहुसंख्य भाषकांच्या ध्यानी नव्हता, म्हणून तो पुसून टाकणे सोपे गेले. ‘त्याने माझ्यावर अत्याचार केला’ असे म्हणून तक्रारीचा बोध करून देणे कोणाही मराठी माणसास अशक्यच झाले असते.

येथे ‘अत्याचार’ ह्या शब्दाविषयीही थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. संस्कृतात अति अधिक आचार अशी ह्याची व्युत्पत्ती; रूढ आचाराचे उल्लंघन, असा अर्थ कोशांत सापडतो. मराठीत तो जुलूम, क्रौर्य ह्या अर्थाने स्थिरावला. पण कायद्याने ज्या कृत्यांना अत्याचार म्हटले आहे त्यांतील कितीतरी कृत्ये, उदाहरणार्थ लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसण्यास मनाई करणे किंवा पाणवठ्यावर अडविणे, ही गावच्या दृष्टीने रूढ आचाराचे उल्लंघन नव्हती, तर त्याचे पालन होते. शब्दाच्या मूळ अर्थाच्या बरोबर विरुद्ध बाजूस कायद्याने बोट ठेवले. स्वतः अधिनियमाने अत्याचाराची वर्णनात्मक व्याख्या केलेलीच नाही. कलम ३ खाली शिक्षापात्र असलेला अपराध म्हणजे अत्याचार, एवढेच तो सांगतो. अर्थ हवा असेल तर यादी वाचावी लागते, आणि वादाच्या वेळी ती यादी फारशी कोणी वाचली नाही.

वाद पेटला तो २०१६ साली. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोपर्डी येथे १३ जुलै २०१६ रोजी मराठा समाजातील एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. आरोपी दलित समाजातील होते. त्यानंतर ९ ऑगस्ट रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि पुढील काही महिन्यांत ही लाट जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरली. सप्टेंबरमध्ये बुलढाण्यातही प्रचंड मोर्चा झाला. जिजाबाईंचे जन्मस्थान असलेला सिंदखेड राजा ह्याच जिल्ह्यात असल्यामुळे त्या आंदोलनाच्या भावविश्वात ह्या जिल्ह्याचे स्थान वेगळे होते. कोपर्डीच्या गुन्हेगारांना फाशी, आरक्षण आणि शेतीमालाचा भाव ह्यांबरोबर अत्याचार-प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती ही मागणीही पुढे आली. कोपर्डीचा गुन्हा आणि हा कायदा ह्यांचा कायदेशीर संबंध काहीच नव्हता, कारण त्या प्रकरणातील पीडिता अनुसूचित जातीची नव्हती. पण गावपातळीवरील दोन समाजांतील साचलेला तणाव व्यक्त होण्यास ‘अ‍ॅट्रॉसिटी’ हा एक शब्द हाताशी होता.

मतांच्या तीन छटा दिसतात. राज ठाकरे ह्यांनी कायदा रद्दच करावा, अशी भूमिका घेतली. शरद पवार ह्यांनी गैरवापर होत असल्यास फेरविचार व्हावा, अशा आशयाचे मत मांडले व त्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या वेळी केंद्रात सामाजिक न्याय राज्यमंत्री असलेले रामदास आठवले ह्यांनी कायदा रद्द होणार नाही, असे सांगितले. दलित-बहुजन संघटनांचे मोर्चेही कायद्याच्या समर्थनार्थ निघाले. ह्या सर्व चर्चेत ‘रद्द करा’ आणि ‘हात लावू नका’ ह्या दोन घोषणांच्या मध्ये कायद्यातील शब्दांचा विचार हरवून गेला. वास्तविक ह्या विषयावरील कायदे बुलढाण्याच्या भूमीवर गेल्या पाऊण शतकात अनेकदा बदलले आहेत, आणि तो प्रत्येक बदल मुख्यतः शब्दांचा बदल आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षी बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. त्या प्रांताने १९४७ साली अनुसूचित जातींच्या नागरी अपात्रता दूर करणारा एक आणि मंदिरप्रवेशास अधिकार देणारा दुसरा, असे दोन कायदे केले. पश्चिमेस लागून असलेला खानदेश मुंबई प्रांतात; तेथील कायद्यात ‘हरिजन’ हा शब्द होता व अपात्रता ‘सामाजिक’ म्हटल्या होत्या. दक्षिणेकडील जालना व परभणीचा मुलूख निजामाचा; तेथे फसली १३५८ मध्ये झालेल्या विनियमातही ‘हरिजन’ हेच नाव. म्हणजे मलकापूरहून पश्चिमेस किंवा देऊळगाव राजाहून दक्षिणेस काही मैल गेले, की त्याच जातीच्या त्याच माणसाचे कायद्यातील नाव बदलत असे, आणि त्याच्यावरील बंधने ‘नागरी’ होती की ‘सामाजिक’, हेही बदलत असे. ‘हरिजन’ हा शब्द डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांना मान्य नव्हता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. ह्या बाबतीत मध्यप्रांताच्या कायदेपंडितांनी निवडलेले नाव अधिक काटेकोर ठरले.

हे सर्व प्रांतिक कायदे संसदेच्या ‘अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५’ ह्या कायद्याने निरसित केले. तो १ जून १९५५ रोजी अमलात आला तेव्हा बुलढाणा मध्यप्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ह्या अधिनियमास आधार होता तो संविधानाच्या अनुच्छेद १७चा. त्या अनुच्छेदात ‘अस्पृश्यता’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातलेला आहे आणि त्याची व्याख्या कोठेही दिलेली नाही. म्हैसूर उच्च न्यायालयाने देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा ह्या खटल्यात ह्या चिन्हांचा अर्थ लावला : शब्द त्याच्या शाब्दिक किंवा व्युत्पत्तीच्या अर्थाने घ्यावयाचा नसून, ह्या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली तिचे नाव म्हणून घ्यावयाचा आहे. सोयर, सुतक, साथीचा रोग ह्यांतील शिवाशिव तीत येत नाही. एका विरामचिन्हाने एवढे काम केल्याची उदाहरणे कायद्याच्या भाषेत विरळाच असतील.

१९५५च्या कायद्याची अडचण ‘अस्पृश्यतेच्या कारणावरून’ ह्या शब्दांत होती. कृत्य सिद्ध झाले तरी ते ह्याच कारणावरून घडले हे दाखविणे आवश्यक होते. कलम १२ने ह्यावर एक उपाय केला : अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत अपराध घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरून घडला असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, न्यायालयाने गृहीत धरावे. पण १४ ऑक्टोबर १९५६ नंतर विदर्भात वेगळाच प्रश्न उभा राहिला. नागपूरच्या दीक्षेनंतर बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतूनही मोठ्या संख्येने लोक बौद्ध झाले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीत हिंदू आणि, १९५६पासून, शीख ह्यांचाच समावेश होता. पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम ह्या निवडणूक-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साठीच्या दशकात असा निर्णय दिला की, बौद्ध धर्म स्वीकारलेला मनुष्य ह्या आदेशाच्या अर्थाने अनुसूचित जातीचा राहत नाही. तेव्हा मेहकरच्या किंवा चिखलीच्या एखाद्या बौद्ध शेतमजुरास विहिरीवरून हाकलले, तर गावाच्या लेखी तो पूर्वीचाच होता, कायद्याच्या गृहीतकाच्या लेखी मात्र नव्हता. आदेशात बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. तोपर्यंत चौतीस वर्षे लोटली होती.

मध्यंतरी १९७६ साली जुन्या कायद्याचे नावच बदलण्यात आले. १९ नोव्हेंबर १९७६पासून तो ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’ झाला. नाव भारदस्त आहे, परंतु त्यातील ‘नागरी हक्क’ ह्या पदाची व्याख्या वाचली की अपेक्षा आवरती घ्यावी लागते : अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे प्राप्त होणारा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. नाव विस्तारले, अर्थ होता तेथेच राहिला. शिक्षा वाढल्या आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून अपमान करणे हाही अपराध ठरला, हा मात्र खरा लाभ.

१९८९चा अत्याचार-प्रतिबंधक अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी अमलात आला. त्याने जुन्या कायद्याची जागा घेतली, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. १९५५चा कायदा आजही जिवंत आहे. नव्या कायद्याने त्याच्या शेजारी एक वेगळी रचना उभी केली. जुना कायदा हक्क नाकारण्यासंबंधी बोलत होता. नवा कायदा इजा करण्यासंबंधी बोलतो. जमीन बळकावणे, खोटा खटला भरणे, मतदानास अटकाव करणे, अखाद्य पदार्थ खावयास लावणे, विवस्त्र धिंड काढणे अशी पंधरा कृत्ये कलम ३च्या पहिल्या पोटकलमात होती. २०१५च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ रोजी अमलात आली, ही यादी एकोणतीस बाबींपर्यंत वाढली. चपलांचा हार घालणे, स्मशानभूमीस किंवा सामाईक मालमत्तेस अटकाव, सार्वजनिक जागी सायकल किंवा मोटारसायकल चालविण्यास, पादत्राण अथवा नवे कपडे घालण्यास प्रतिबंध, सामाजिक व आर्थिक बहिष्कार ही तीतील काही नावे. खेड्याच्या जीवनाशी ज्याचा परिचय आहे त्यास ही यादी कायद्याची न वाटता गावाची वाटेल. २०१६च्या मोर्चांत ज्या कायद्याविषयी वाद झाला तो ह्या स्वरूपात जेमतेम काही महिने वयाचा होता.

कर्त्याविषयीही एक गोष्ट लक्षणीय आहे. कलम ४ अन्वये, कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य जाणूनबुजून न करणारा लोकसेवक, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसल्यास, सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षेस पात्र आहे. ह्या कलमाचा उल्लेख वादात जवळजवळ कोणीच केला नाही.

२०१५च्या दुरुस्तीतील सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र यादीत नाही. तो दोन शब्दप्रयोगांच्या अदलाबदलीत आहे. कलम ३(२)(५) पूर्वी असे होते : दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेचा अपराध एखाद्या व्यक्तीविरुद्ध ती अनुसूचित जातीची आहे ‘ह्या कारणावरून’ केला, तर जन्मठेप. दुरुस्तीने तेथे ती अनुसूचित जातीची आहे ‘हे माहीत असताना’ असे शब्द घातले. पहिल्या रचनेत गुन्हेगाराचा हेतू शोधावा लागतो, दुसरीत त्याचे ज्ञान. हेतू मनात असतो. ज्ञान, विशेषतः हजार-दोन हजार वस्तीच्या खेड्यात, सर्वांनाच असते. कोणाची जात काय हे माहीत नाही, असे गावात शपथेवर सांगणारा साक्षीदार मिळणे कठीण. आरोपीस पीडिताची किंवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती असे दिसल्यास जातीचेही ज्ञान होते असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ८मध्येही जोडण्यात आले.

ह्या बदलाची गरज विदर्भानेच दाखवून दिली होती. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ आरोपींना दोषी ठरविले, सहांना फाशी सुनावली. परंतु अत्याचार-प्रतिबंधक कायद्याची कलमे लागू होत नाहीत, असे म्हटले. जुलै २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. कायदा लागू न होण्याचा निष्कर्ष कायम राहिला. हत्येमागे सूड होता, जात हे कारण नव्हते, असा त्याचा आशय. ‘ह्या कारणावरून’ हे शब्द ‘केवळ ह्याच कारणावरून’ असे वाचले गेले, म्हणजे हा निष्कर्ष अपरिहार्य होतो. ‘केवळ’ हा शब्द कायद्यात कोठेही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने पतन जमाल वली ह्या खटल्यात २७ एप्रिल २०२१ रोजी ह्या वाचनाविषयी स्पष्ट नापसंती दाखविली : एखाद्या कृत्यास अनेक कारणे एकाच वेळी असू शकतात, आणि त्यांत जात मिसळलेली असू शकते.

आता ज्या निकालाने हा वाद देशव्यापी झाला त्याकडे वळावे. तोही महाराष्ट्रातीलच. कऱ्हाड येथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे लिहिले गेले. त्यावरून २००६ साली फिर्याद झाली, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांविरुद्ध कारवाईस संमती नाकारल्याबद्दल पुढे दुसरी फिर्याद झाली. डॉ. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या खटल्यात न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल व उदय लळीत ह्यांनी २० मार्च २०१८ रोजी काही निर्देश दिले : गुन्हा नोंदविण्यापूर्वी पोलीस उपअधीक्षकाकडून प्राथमिक चौकशी व्हावी, लोकसेवकाच्या अटकेस त्याच्या नियुक्ती अधिकाऱ्याची आणि इतरांच्या अटकेस वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची संमती असावी, प्रथमदर्शनी प्रकरण नसल्यास अटकपूर्व जामीन मिळू शकावा. कलम १८ने असा जामीन वर्ज्य केला होता, आणि हे कलम वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ साली मध्यप्रदेश विरुद्ध रामकृष्ण बलोठिया ह्या खटल्यात ठरविले होते.

निकालात आकडेवारी दिलेली आहे आणि ती नीट वाचण्यासारखी आहे. २०१५ साली न्यायालयांनी निकालात काढलेल्या १५,६३८ खटल्यांपैकी ११,०२४ खटल्यांत आरोपी निर्दोष किंवा मुक्त ठरले, ४९५ मागे घेतले गेले आणि ४,११९ खटल्यांत दोष सिद्ध झाला. ह्यावरून ‘पाऊणएक खटले खोटे’ असा अर्थ व्यासपीठांवरून सांगितला गेला. येथे ‘खोटे’ आणि ‘सिद्ध न झालेले’ ह्या दोन शब्दांची गल्लत आहे. खोटे म्हणजे जे घडलेच नाही. सिद्ध न झालेले म्हणजे घडले किंवा नाही ह्याचा निर्णय पुराव्याने झाला नाही. साक्षीदार उलटणे, तपास अधिकारी नियमाप्रमाणे उपअधीक्षक दर्जाचा नसणे, जातीचा दाखला जोडलेला नसणे, गावच्या दडपणाखाली तडजोड होणे, ह्या सर्वांचा शेवट ‘निर्दोष’ ह्याच शब्दात होतो. मुद्दाम खोट्या फिर्यादी होतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या होतात, गावच्या दोन सवर्ण गटांच्या भांडणात एका गटाने दलित माणसास पुढे करून फिर्याद करविल्याचीही उदाहरणे सांगितली जातात. आणि लोकसेवकास खोटी माहिती देण्याबद्दलची शिक्षा सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आहेच. वाद ज्यावर व्हावयास हवा होता ते प्रमाण आहे, आणि ते प्रमाण निर्दोष सुटलेल्यांच्या संख्येवरून काढता येत नाही.

निकालाविरुद्ध २ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. काही राज्यांत प्राणहानी झाली. ऑगस्ट २०१८मध्ये संसदेने कलम १८-क घालून प्राथमिक चौकशी व संमती ह्यांची अट काढून टाकली. पुढे १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा, एम. आर. शहा व मूळचे अमरावतीचे असलेले न्या. भूषण गवई ह्यांच्या पीठाने फेरविचारात आधीचे निर्देश मागे घेतले. खोटी तक्रार हा मनुष्यस्वभावाचा दोष आहे, जातीचा नव्हे, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. पृथ्वीराज चौहान खटल्यात १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-क वैध ठरले. तथापि प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर जामिनावरील बंदी लागू होणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले. म्हणजे दोन वर्षांच्या उलथापालथीनंतर कायदा कायम राहिला आणि आक्षेपकांच्या एका रास्त तक्रारीस त्याच्या आतच जागा मिळाली. १ जुलै २०२४पासून दंडसंहिता व फौजदारी प्रक्रिया संहिता ह्या दोन्ही बदलल्या; हा विशेष कायदा मात्र आपल्या जागी आहे.

कायदा ठेवावा की बदलावा, हा वाद केवळ येथलाच, असेही नाही. ब्रिटनमध्ये १९९८च्या मानवी हक्क अधिनियमाऐवजी दुसरा कायदा करण्यासाठी जून २०२२मध्ये एक विधेयक मांडले गेले आणि जून २०२३मध्ये ते सोडून देण्यात आले. हक्क कमी करतो असा ज्याच्यावर आक्षेप होता त्या विधेयकाचेही नाव ‘हक्कांचे विधेयक’ असेच होते. नावावरून कायदा ओळखू नये, हे १९७६च्या आपल्या अनुभवाशी जुळते. मात्र तेथील कायदा सर्व नागरिकांचा होता. येथील कायद्याचे लाभार्थी आणि त्याचे आक्षेपक एकाच गावात, एकमेकांच्या शेतावर राबणारे आणि राबविणारे आहेत. त्यामुळे येथील वादास जी धार आहे ती तेथे नाही.

रोजच्या व्यवहारात ह्या कायद्याचे सर्वाधिक वापरले जाणारे कलम अपमानाचे आहे, आणि भाषाशास्त्राचा खरा संबंध तेथेच येतो. अपमान ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा, अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात २००८ साली स्पष्ट केले की, सार्वजनिक जागा आणि लोकांच्या दृष्टीस पडणारी जागा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. घराचे फाटक खाजगी असले तरी लोकांसमोर असते. हितेश वर्मा खटल्यात २०२० साली घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडलेला अपमान ह्यात येत नाही, असे ठरले. ह्या कल्पनेस मराठीत एक अचूक शब्द पूर्वीपासूनच आहे : ‘चारचौघांत’. तो जागेचा नव्हे, उपस्थितीचा वाचक आहे. कायद्याच्या भाषांतरकारांनी तो वापरला असता तर पुष्कळ युक्तिवाद वाचले असते.

अपमानाचे स्वरूप हा दुसरा प्रश्न. दुरुस्तीनंतर जातीच्या नावाने शिवीगाळ हा स्वतंत्र अपराध झाला. परंतु मराठीत हीन लेखण्यास जातीचे नाव घ्यावे लागतेच असे नाही. साठीच्या गृहस्थास त्याच्या नावाचे ‘-या’कारान्त लघुरूप करून, विशीतील मुलाने ‘अरे’ म्हणून हाक मारली, की गावात सर्वांना त्याचा अर्थ कळतो. तोच मुलगा आपल्या समाजातील त्याच वयाच्या माणसास ‘भाऊ’, ‘काका’ म्हणतो. फरक कोशात सापडणार नाही. तो दोन हाकांच्या तुलनेत आहे. शाजन स्कारिया खटल्यात २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा प्रत्येक अपमान हा ह्या कायद्याखालील अपराध नव्हे. जातीच्या ओळखीवरून पाणउतारा करण्याचा हेतू असावा लागतो. हा हेतू सर्वनामांत, नामाच्या प्रत्ययांत आणि स्वरात असतो, आणि फिर्यादीत ह्यांपैकी काहीच उतरत नाही.

फिर्यादीत उतरते ते एक ठराविक वाक्य : ‘जातिवाचक शिवीगाळ करून अपमानित केले.’ फिर्यादी पोलीस ठाण्यात प्रत्यक्षात बोललेले शब्द वऱ्हाडीत सांगतो. लिहून घेणारा ते शिष्टसंमत प्रमाण मराठीत आणतो, आणि अशिष्ट शब्द लिहिण्याच्या संकोचाने त्यांच्या जागी हे सूत्र बसवितो. खटला उभा राहतो तेव्हा बचावपक्षाचा पहिला प्रश्न असतो : नेमके कोणते शब्द उच्चारले, कोणासमोर, कोणत्या ठिकाणी? कागदावर उत्तर नसते. साक्षीदार वर्षा-दोन वर्षांनी आठवून सांगतो ते शब्द फिर्यादीत नसल्यामुळे ती नंतरची भर ठरते. कायद्याखालील नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिने किमान तीन महिन्यांतून एकदा बैठक घ्यावयाची असते. दाखल प्रकरणे आणि अर्थसाहाय्य ह्यांचा आढावा तेथे होतो. उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, बोलीतील रूपांसह आणि हाक मारण्याच्या पद्धतीसह नोंदवावेत, एवढी एक सूचना अशा बैठकीतून ठाण्यांपर्यंत गेली, तर ‘खोटे’ आणि ‘सिद्ध न झालेले’ ह्यांतील अंतर मोजण्याचे पहिले साधन हाती येईल.